वीस हजार एकावा शब्द

“उघडतंय आणि लगेच मिटतंय. लाजाळूच्या पानागत.”

“मशीन बंद करून परत चालू केलंत का?” मी विचारलं.

“सहा वेळा.”

“काही एरर येतोय? म्हणजे काही अक्षरं वगैरे?”

“बोरूचं चित्र येतंय. खाली बारीक अक्षरं पळत्यात. फॉन्ट बघतंय म्हणतंय, छपाईयंत्र बघतंय म्हणतंय, मग ‘शब्द वाचत आहे’ म्हणतंय आणि मरतंय. काल संध्याकाळपर्यंत ठणठणीत होतं.”

“व्हायरस असेल,” मी म्हणाले.

आमच्याकडे फोनवर ‘व्हायरस असेल’ हे पहिलं उत्तर होतं. दुसरं ‘तुमच्याकडच्या लाइटचा प्रॉब्लेम असेल’ आणि तिसरं ‘नव्यानं टाकून बघा’. आमची कंपनी म्हणजे कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दोन खोल्या आणि तीन माणसं: मालक हुपरीकर सर, हिशेब आणि कुरिअर बघणारे भोसलेकाका आणि मी, सुनेत्रा शिरगुप्पे. ‘बोरू’ हे मराठी लिहिण्याचं सॉफ्टवेअर सरांनी केलेलं. तालुक्यातालुक्यातले टायपिंगवाले, दस्तलेखक, लग्नपत्रिका छापणारे ते वापरायचे. ही गोष्ट २००९ सालची. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते, पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीचं नेमणूकपत्र माझ्या पर्समध्ये होतं आणि इथले माझे आठच दिवस राहिले होते.

फोनवरच्या बाईला मी तिसरं उत्तर दिलं. तिनं सीडी घालून बोरू नव्यानं टाकलं. मी फोन धरून बसले. पलीकडून खूप माणसांचा गलका ऐकू येत होता.

“काय झालं?” मी विचारलं.

“मेलं,” ती म्हणाली. “अहो मॅडम, उद्या चार वाजता कचेरीची खिडकी बंद होणार हाय. चौसष्ट अर्ज ह्या डब्यात अडकल्यात. सगळी माणसं माझ्या दारात बसल्यात. तुम्ही कुणाला तरी पाठवा.”

हुपरीकर सरांनी खुणेनं विचारलं, कोण? मी फोनवर हात ठेवून सांगितलं, “तांबुळगाव. शालन कुंभार, अर्जलेखक.”

“जुनं गिऱ्हाईक आहे,” सर म्हणाले. “तू जाऊन ये.”

“मी?”

“भोसलेकाका जाऊन काय करणार?”

*

सकाळी साडेसहाची एसटी धरून मी तांबुळगावला पोचले तेव्हा साडेनऊ वाजले होते. तहसील कचेरीच्या समोर पत्र्याच्या खोक्यांची रांग होती. मुद्रांकवाला, झेरॉक्सवाला, चहावाला आणि टोकाला निळ्या पाटीवर ‘शालन मारुती कुंभार, सर्व प्रकारचे अर्ज लिहून मिळतील’. पाटीखाली, पायरीवर, समोरच्या फणसाच्या सावलीत मिळून चाळीस-पन्नास माणसं बसली होती. बायका, म्हातारे, एकीच्या मांडीवर झोपलेलं मूल. माझ्या खांद्यावरची बॅग बघून सगळी उठून उभी राहिली. डॉक्टर आला की घरातली माणसं उठतात तशी.

शालनताई पंचेचाळिशीच्या असतील. चष्मा कपाळावर, पदर कमरेला खोचलेला, समोर फुलस्केप कागदांचा गठ्ठा. त्या हातानं लिहीत होत्या. बोटं शाईनं माखली होती.

“पहाटेपासनं सात झाले,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “पण सगळ्यांचे गट नंबर, वारसांची नावं ह्याच्या पोटात हाइत. माणसांना तोंडपाठ थोडीच असत्यात? बसा. चहा सांगू?”

“आधी बघते.”

“बघा. दोनला लाइट जाणार. चारला खिडकी बंद.”

त्या दिवसांत लोडशेडिंगचं वेळापत्रक सगळ्यांना तोंडपाठ असायचं.

मी मशीन चालू केलं, बोरूवर क्लिक केलं. शाईत बुडवलेल्या बोरूचं चित्र आलं. खाली बारीक अक्षरं पळाली आणि चित्र गपकन नाहीसं झालं. परत केलं. परत गेलं. माझ्या पाठीमागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्यानं “अरारारा” केलं.

“दादू, मागं सरा जरा,” शालनताई म्हणाल्या. मग मला सांगितलं, “हे दादू ढेरे. खोलगिरीचे. धरणात गाव गेलं. पुनर्वसनाची यादी लागलीया, त्यात अर्ध्या गावाची नावं चुकल्यात. ह्यांचं बघा. दादू सखाराम ढेरे. यादीत काय आलंय सांगा दादू.”

“दादू सखूबाई ठेरे,” म्हातारा म्हणाला. “बापाची बाई केली माझ्या.”

बाहेर कोणीतरी हसलं. दादूही हसले. पण हसून झाल्यावर त्यांनी हातातली पिशवी छातीशी घट्ट धरली.

“नाव चुकलं की मिळणारी जमीन अडकतीया,” शालनताई म्हणाल्या. “हरकत घ्यायची आज शेवटची तारीख. सगळे अर्ज नावं दुरुस्त करायचेच हाइत.”

मी कामाला लागले. आधी व्हायरस शोधला. पाऊण तास गेला आणि काही सापडलं नाही. मग प्रिंटरची वायर काढून बघितली, कारण बोरू उघडताना प्रिंटर शोधतं आणि प्रिंटर बिघडलेला असला की रुसतं. वायर काढली तरी मेलं. मग फॉन्ट काढून नवे टाकले. मेलं. मग अख्खं बोरू काढून सीडीवरून नव्यानं टाकलं. मेलं. प्रत्येक वेळी पाठीमागे “अरारारा” व्हायचं. तिसऱ्या वेळेनंतर माझ्या लक्षात आलं की बाहेरची माणसंही त्यात सामील झाली आहेत.

साडेअकरा वाजले. सरांना फोन केला.

“डिस्क गेली असेल,” सर म्हणाले. “सांग त्यांना, मशीन जुनं झालंय. नवीन घ्या म्हणावं.”

“सर, बाकी सगळं चालतंय.”

“मग व्हायरस.”

“बघितला.”

 “मग मला माहीत नाही,” सर म्हणाले. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून चार वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

फोन ठेवला तेव्हा शालनताई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“एक सांगू का? रागावणार नसाल तर.”

“सांगा की.”

“काल फोनवर सांगितलं होतं. ते ‘शब्द वाचत आहे’ म्हणतंय आणि मरतंय. दर वेळी तिथंच. मी मघापासनं बघतीया. तुम्ही प्रिंटर काढला, फॉन्ट काढले, पण ते कुठले शब्द वाचतंय ते कुणी बघायचं?”

मी खुर्चीत ताठ झाले. काल त्यांनी हे सांगितलं होतं, अगदी याच शब्दांत, आणि ते नीट न ऐकता मी ‘व्हायरस’ म्हणून मोकळी झाले होते. आणि ते कुठले शब्द वाचतं हे जगात कोणाला ठाऊक असलं तर मला होतं. बोरूचा तो भाग मीच लिहिलेला. कंपनीत आल्यावर सरांनी मला दिलेलं पहिलं काम.

बोरूला ठाऊक नसलेला शब्द लिहिला की त्याच्याखाली लाल रेघ येते. तो शब्द बरोबर असेल तर आपण ‘शिकव’ वर क्लिक करायचं. मग तो ‘माझे शब्द’ नावाच्या फाइलीत जातो आणि पुन्हा रेघ येत नाही. बोरू उघडताना दर वेळी ही फाइल वाचतं. बोरू काढून नव्यानं टाकलं तरी ही फाइल जागच्या जागी राहते, म्हणजे माणसानं शिकवलेलं वाया जात नाही. हे मीच सुचवलं होतं आणि सरांनी शाबासकी दिली होती.

मी ‘माझे शब्द’ ही फाइल उचलून बाजूला दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवली आणि बोरूवर क्लिक केलं.

चित्र आलं. अक्षरं पळाली. चित्र गेलं, आणि त्याच्या जागी पांढरं स्वच्छ पान उघडलं.

पाठीमागचं “अरारारा” अर्ध्यावरच राहिलं. मग दादू ओरडले, “उघाडलं! उघाडलं गं शालन!” आणि फणसाखाली एकच गलका झाला. चहावाला किटली घेऊनच पळत आला.

शालनताईंनी पहिला अर्ज उघडला आणि त्यांचा चेहरा पडला.

पान लाल झालं होतं. कुठलं नाव नाही, कुठलं आडनाव नाही, कुठलं शिवार नाही ज्याच्याखाली रेघ नव्हती.

“ही रेघ कशी काय आली?”

“कागदावर नाही येत ती,” मी घाईनं म्हणाले. “नुसती इथं दिसते. तुम्ही छापा आधी. बारा वाजून गेले.”

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा घड्याळाकडे, आणि छापायला सुरुवात केली.

*

अकरा हातानं झाले होते, त्रेपन्न राहिले होते. एकेक अर्ज तीन पानांचा, दोन-दोन प्रती. प्रिंटर म्हातारा होता. दर वीस पानांनी कागद चावायचा आणि मग शालनताई त्याच्या पोटात हात घालून तो ओढून काढायच्या. झेरॉक्सवाल्या तांबटांनी स्वतःचं दुकान सोडून टाचण्या मारायचं काम हातात घेतलं. नाव पुकारलं की माणूस पुढे यायचा, सही नाहीतर अंगठा करायचा, आणि बाहेर जाऊन अर्ज उन्हात धरून बघायचा.

छपाई चालू असताना मी त्यांना विचारलं, “शालनताई, तुम्ही किती शब्द शिकवलेत याला?”

“मोजलं न्हाई कधी. बोरू घेतल्यापासनं शिकवतीया. चार वर्षं झाली.”

“पण रोज? प्रत्येक नाव?”

“मग?” त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. “पहिल्याच महिन्यातली गोष्ट. एक म्हातारी आली, हिराबाई पोवार. वारसाची नोंद करायची होती, नवरा गेलेला. मी आपली लिहीत होते. ती बघत होती टीव्हीकडं बघावं तशी. तिला वाचता येत न्हवतं. पण नवऱ्याचं नाव मी मोठ्यांदा म्हणत लिहिलं, गणपा, आणि खाली लाल रेघ आली. तर मला म्हणाली, बाई, गेलं म्हणून रेघ मारली व्हय त्यांच्या नावावर?”

प्रिंटरनं कागद चावला. त्यांनी तो काढला.

“मी म्हटलं, न्हाई आजी, ह्याला ठावं न्हाई म्हणून मारतंय. तर म्हणाली, मग सांग की त्याला. एवढंच म्हणाली. तेव्हापासनं समोर बसलेल्या माणसाचं नाव आधी शिकवायचं आणि मग अर्ज लिहायचा. त्याला दिसू दे की रेघ गेली. लई बरं वाटतंय त्यांना. आपण कायतरी बरोबर हाय असं वाटतंय.”

 छपाई चालू ठेवून मी त्या बाजूच्या फोल्डरमधली ‘माझे शब्द’ ही फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली.

एका ओळीत एक शब्द. गणपा. गणपाचा. गणपाचे. गणपाला. गणपाने. गणपाच्या. हिराबाई. हिराबाईचा. हिराबाईंना. हिराबाईंच्या. मी खाली सरकत गेले. खोलगिरी, खोलगिरीचा, खोलगिरीत, खोलगिरीकर. माळावरची शेतं, ओढे, वाड्या, देवळं. आपल्या भाषेत माणूस एकटा येत नाही, ‘चा’, ‘ला’, ‘नं’ अशी सगळी विभक्तीची पिलावळ घेऊन येतो, हे चार वर्षांपूर्वी माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी गृहीत धरलं होतं, एक नाव म्हणजे एक शब्द.

शेवटच्या ओळीवर गेले. तिथे शब्द होता ‘ढेऱ्यांच्या’. आणि ओळीचा क्रमांक होता वीस हजार एक.

मी क्रमांक परत एकदा वाचला.

मला तो दिवस लख्ख आठवला. मी सरांना विचारलं होतं, सर, एक माणूस फार फार तर किती शब्द शिकवेल? सर चहा पीत होते. म्हणाले, हजार, दोन हजार. मी मोठ्या उदारपणे वीस हजारांची जागा केली. दहापट! त्यापुढे काय होईल हे बघायची गरजच वाटली नाही. आयुष्यभर बसलं तरी कोणाचे वीस हजार भरणार नाहीत, असं मी मनाशी म्हटलं होतं. परवा संध्याकाळी दादू ढेऱ्यांच्या घरच्यांचा अर्ज लिहिताना भरले, आणि काल सकाळी एका जादा शब्दाला बसायला जागा नव्हती म्हणून बोरू कोसळलं.

“काय सापडलं?” शालनताईंनी विचारलं.

जिभेवर उत्तर तयार होतं. फाइल खराब झाली होती, एवढं म्हटलं असतं तर कोणी पुढे विचारलं नसतं. आठ दिवसांनी मी पुण्यात असणार होते. सरसुद्धा म्हणाले असते, बरं केलंस.

तेवढ्यात लाइट गेली.

दोनला दहा कमी होते. प्रिंटर अर्ध्या पानावर थांबला. मशीन बॅटरीवर होतं आणि बॅटरी टीं टीं करायला लागली.

“दहा मिनिटं चालतंय हे,” शालनताई म्हणाल्या. “किती राहिले?”

“तीन.”

“मजकूर सगळ्यांचा सारखाच हाय, तो मी लिहीन. तुम्ही फक्त नावं आणि गट नंबर सांगा. सावकाश सांगा, चुकू देऊ नका.”

मी पडद्यावरून वाचत गेले, त्या कच्च्या कागदावर उतरवत गेल्या. तिसरा अर्ज दादूंचा होता. आधी बाकीच्यांचे होऊ देत, मी काय कुठं जातोय, असं म्हणून ते सकाळपासून मागे राहिले होते. त्यांच्या चौथ्या नातवंडाचं नाव मी वाचलं आणि पडदा काळा झाला.

“झालं,” शालनताई म्हणाल्या आणि फुलस्केप पुढे ओढला.

*

साडेतीन वाजता आम्ही सगळे मिळून रस्ता ओलांडून कचेरीत गेलो. खिडकीतला कारकून चौसष्ट अर्जांची चळत बघून पाणी प्यायला गेला. परत आल्यावर त्यानं एकेक करून शिक्के मारले. शेवटचा शिक्का मारला तेव्हा चाराला पाच कमी होते. तांबटांनी टाळी वाजवली. कारकूनही हसला.

बाहेर फणसाखाली दादू माझ्यासमोर येऊन उभे राहिले. शिक्का मारलेली प्रत त्यांनी माझ्या हातात दिली.

“वाच की जरा, पोरी.”

मी वाचलं. “मी, दादू सखाराम ढेरे, वय वर्षे एकाहत्तर, मूळ राहणार मौजे खोलगिरी…”

“बापाचं परत वाच.”

“सखाराम.”

“हां.” त्यांनी मान डोलावली. “आता पुढं.”

मी पूर्ण अर्ज वाचला. गट नंबर, चतुःसीमा, वारस. वाचता वाचता बाकीचे लोक जवळ येऊन बसले. माझं झाल्यावर एक बाई म्हणाली, “आता माझा वाच.” मग तिचा वाचला. मग आणखी एकीचा. शेवटी घसा बसला तेव्हा चहावाल्यानं मला फुकटचा चहा दिला.

लाइट आली. खोक्यात शालनताई मशीन चालू करून बसल्या होत्या. मी त्यांच्याशेजारी बसले.

“शालनताई, दुपारी तुम्ही विचारलं, काय सापडलं.”

“व्हय.”

“व्हायरस नव्हता. लाइटचा दोष नव्हता. मशीनचाही नव्हता. चूक माझी होती. हा भाग मीच लिहिलाय. वीस हजारच शब्द मावतील एवढीच जागा ठेवली होती मी. तुम्ही वीस हजार एक शिकवलेत.”

त्यांनी चष्मा काढला. मी खाली बघत राहिले. चौसष्ट घरं माझ्यामुळे बुडाली असती, असं त्या म्हणाल्या असत्या तर ते खरंच होतं.

“वीस हजार?” त्या म्हणाल्या. “मी?”

“आणि एक.”

त्यांनी मागे वळून तांबटांना हाक मारली, “अहो तांबट! मी वीस हजार शब्द लिवल्यात म्हणं! कंपनीची जागा संपली!” आणि त्या अशा हसल्या की खोक्याचा पत्रा वाजला. मला रडू येईल असं वाटत होतं, पण मीही हसायला लागले.

“आता त्याला परत आणायचं कसं?” हसणं ओसरल्यावर त्यांनी विचारलं. “माझी माणसं त्या बाजूच्या खोलीत बसल्यात.”

“नवीन बोरू करून आणते मी. तोवर एक उपाय आहे. यातला एक शब्द काढला की बाकीचे वीस हजार बसतील. एखादा चुकलेला शब्द असेल बघा, तो काढू.”

“चुकलेला न्हाई त्यात एकबी,” त्या एकदम गंभीर झाल्या.

“मग कोणाचं तरी नाव…”

“कुणाचं काढू?” त्यांनी माझ्या हातून माउस घेतला आणि यादी वर-खाली करायला लागल्या. एकेका नावापाशी थांबायच्या. “ही नको, बिचारी एकटी असते. ह्याचा खटला चालू हाय. ही आता परवाच आली होती. हिराबाई तर न्हाईच न्हाई.” पाच मिनिटं गेली. माझी साडेपाचची एसटी होती. मी घड्याळाकडे बघणं सोडून दिलं.

मग त्यांचा हात थांबला. चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

“हे,” त्या म्हणाल्या.

मी वाचलं. मुकादमसाहेब.

“कोण हे?”

“कचेरीतले आधीचे साहेब. एका शिक्क्यासाठी मला तीन दिवस उन्हात उभं केलं होतं. बदली झाली, सुटलो. काढा.”

मी ‘मुकादमसाहेब’ काढलं. पण खाली मुकादमसाहेबांचा, मुकादमसाहेबांनी, मुकादमसाहेबांना, मुकादमसाहेबांच्या, मुकादमसाहेबांकडे असे ओळीनं बसले होते.

“हेही काढू?”

“सगळे काढा. माणूसच नको.”

सगळे मिळून नऊ निघाले. फाइल जागच्या जागी ठेवली, बोरूवर क्लिक केलं. ‘शब्द वाचत आहे’ आलं आणि गेलं. पान उघडलं. दादूंचा अर्ज उघडला. त्यावर एकही लाल रेघ नव्हती.

“दादू,” शालनताईंनी बाहेर हाक मारली, “आठ जागा मोकळ्या झाल्या! घरात कुणी नवीन हाय का?”

“थोरल्या नातीला पोरगी झालीया,” बाहेरून आवाज आला. “नाव ठेवायचंय अजून.”

“लवकर ठेवा!”

*

पुण्याच्या कंपनीला मी कळवलं की पंधरा दिवस उशिरा रुजू होईन. त्यांनी कारण विचारलं. मी लिहिलं, एक काम अर्धवट आहे. हुपरीकर सर तेव्हा बोरू बंद करायच्या विचारात होते, हे मला नंतर कळलं. मी त्यांना तांबुळगावची हकिकत सांगितली तेव्हा त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. मग म्हणाले, “मी दोन हजार म्हटलं होतं ना तुला?” आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. ते पंधरा दिवस आम्ही दोघांनी मिळून काम केलं. एक नाव शिकवलं की त्याची ‘चा’, ‘ला’, ‘नं’ बोरूनं आपली आपण ओळखावीत, एवढंच काम होतं, पण त्यानं आमचा घाम काढला.

पुढे मी मोठमोठ्या कंपन्यांत काम केलं. अजूनही कुठलं काम हाती घेतलं की पहिल्या आठवड्यात मी ते वापरणाऱ्या माणसाकडे जाऊन बसते. सोबतच्या मुलांना तो वेळ फुकट घालवणं वाटतं. मी त्यांना सांगत बसत नाही.

नवीन सीडी द्यायला मी तांबुळगावला स्वतः गेले. शालनताईंनी ती दोन्ही हातांनी घेतली. बोरू टाकून झालं, सगळे शब्द आत बसले.

“आता किती मावतील?” त्यांनी विचारलं.

“कितीही.”

“कितीही म्हणजे?”

“कितीही म्हणजे कितीही. संपणार नाहीत.”

त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला, पदर घट्ट खोचला आणि कीबोर्ड जवळ घेतला.

“बघा हां,” त्या म्हणाल्या. “तालुक्यातली अजून सतरा गावं राहिल्यात.”